गुळव्याचा हात

"उतरवू का रं, यल्लाप्पा?" इंजिनाच्या धडधडाटातून गुऱ्हाळाचे मालक जिनपाल आण्णांनी ओरडून विचारलं.

"दम काढा की जरा, आण्णा. कुठं पळून चाललाय गूळ?"

यल्लाप्पानं उजव्या हाताची बोटं बादलीतल्या गार पाण्यात बुडवली आणि त्याच ओल्या बोटांनी काहिलीतल्या उकळत्या पाकाचा चिमूटभर गोळा उचलला. पुन्हा बादलीत हात घातला, पाण्यातच गोळी वळली आणि बादलीच्या कडेवर आपटली. टण् आवाज आला.

"उतरवा!"

तशी माणसं धावली. काहील चुलवाणावरून हलली, कलली, आणि सोनेरी पाक गूळ निववायच्या वाफ्यात पसरला. रस प्यायला आलेला एक पाहुणा हे सगळं तोंडाचा आ करून बघत होता.

"हात हाय का लाकूड म्हनायचं हे?" तो म्हणाला.

"पावणं, लई वर्सं झाली त्या हाताला," आण्णा अभिमानानं म्हणाले. "पंचगंगेच्या काठाला असा दुसरा हात न्हाय."

यल्लाप्पा हसला आणि हात धोतराला पुसत बाजूला झाला. उकळत्या पाकात बोट घालण्यात तसं फारसं काही नसतं. बोटावर पाण्याचा पातळ थर असतो. पाकाची उष्णता आधी त्या पाण्याशी झटापट करत बसते, तेवढ्यात बोट बाहेर येतं. हे गूळ काढणाऱ्या कुठल्याही गुळव्याला ठाऊक असतं. कसब असतं ते पुढे, गोळी वळताना. ती किती दबते, किती तुटते, बोटांना किती चिकटते, यावर गुळाचं भवितव्य ठरतं. ते फक्त बोटांनाच कळतं.

आणि त्या हंगामात यल्लाप्पाच्या बोटांना काही म्हणजे काही कळत नव्हतं.

सुरुवात पायांपासून झाली होती. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि हा गडी तसाच पुढे चालत राहायचा. मग बोटांची टोकं बधिर झाली आणि बधिरपणा हळूहळू तळव्यापर्यंत चढला. गावात आरोग्य शिबिर भरलं होतं तेव्हा रक्त तपासून त्याला साखर असल्याचं सांगितलं होतं. "गुळव्याला साखर न्हाय तर काय मीठ आसंल?" असं म्हणून त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं. आता तो निभावून नेत होता ते डोळ्यांवर आणि कानांवर. बुडबुडे केवढे उठतात, गोळी वाजते कशी, एवढ्यावर बहुतेक आधणं, म्हणजे एकेका काहिलीचा गूळ, साधायची. एखादं बिघडलंच तर तो खुशाल उसाला शिव्या घालायचा. जमीनच खारवट, त्याला मी काय करू, म्हणायचा.

सांगून टाकायला काय हरकत होती? हरकत होती. याच गुऱ्हाळावर, आण्णांच्या वडलांच्या काळात, यल्लाप्पाचा बाप जन्मभर चुलवाणाच्या तोंडाशी खड्ड्यात बसून उसाची चिपाडं जाळात सारत होता. बौद्धवाड्यातल्या माणसानं खाली जाळ घालावा, वर काहिलीला शिवू नये, अशी तेव्हाची रीत. एका हंगामात बाहेरगावचा गुळव्या भर कामात भांडून निघून गेला. तेव्हा तरुण असलेले जिनपाल आण्णा वडलांच्या देखत म्हणाले होते, "यल्लाप्पा, चढ वर." तो वर चढला. खाली बापानं चिपाडं सारता सारता मान वर करून त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं. बाप बोलला काहीच नाही, पण ती नजर यल्लाप्पा आजवर विसरला नव्हता. बोटं गेली असं सांगितलं, की पुन्हा खाली उतरणं आलं. ते त्याला मरणापेक्षा जड वाटायचं.

त्या दिवशी बाजार होता. त्याची बायको पारूबाई कुरुंदवाडला निघाली आणि जाता जाता नातीला गुऱ्हाळावर सोडून गेली. पोरीचे आईबाप, अतुल आणि मनाली, शिरोली एमआयडीसीत कामाला होते, तिथेच खोली करून राहायचे. श्रुती आजी-आज्जाच्या जिवावर गावात होती.

"आवं, पोरीला रातीपासनं कणकण हाय," पारूबाई म्हणाली. "मधनं मधनं हात लावून बघा. तापली तर वाट बघू नगासा, डाक्टरीणबाईकडं न्या."

"मला शिकीवतीस व्हय? जा तू."

श्रुती चिपाडांच्या गंजीच्या सावलीला पोत्यावर बसली. एरवी ती काकवीसाठी सगळ्यांच्या पाठीमागे लागायची. आज गप्प होती. यल्लाप्पानं तिच्या कपाळाला हात लावला. काही लागलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा लावला. पाकाच्या आचेला बोटं सरावली असतील, निबर झाली असतील, पण नातीचा ताप काय कळणार नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार कोणी नसतो.

"कसं हाय रं पोरीचं?" आण्णांनी विचारलं. चार माणसं बघत होती. यल्लाप्पानं सगळ्यांदेखत तळवा तिच्या कपाळावर ठेवला.

"थंडगार हाय की. झोप आलीया तिला."

त्या हातानं सांगितलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? दुसरं कोणी पोरीला हात लावायला गेलं नाही. श्रुती पोत्यावर आडवी झाली. गाल लाल दिसत होते, पण गुऱ्हाळावर कोणाचे गाल लाल नसतात? पुढचं आधण चढलं. यल्लाप्पा त्यात गुंतला.

ऊन कलायला लागलं तशी पारूबाई पिशवी घेऊन आली. तिनं पोरीला उचलायला हात घातला आणि चटका बसल्यासारखी किंचाळली.

"आवं, पेटलीया की पोरगी! बघितलं न्हाईसा व्हय?"

तेवढ्यात श्रुतीचं अंग ताठ झालं. डोळे वर फिरले, दातखीळ बसली, हातपाय झटके देऊ लागले. आण्णांनी आपली एम-एटी गाडी काढली. पारूबाई पोरीला छातीशी धरून मागे बसली. यल्लाप्पा त्या गाडीमागे धावत सुटला. पायातली चप्पल कुठे गेली हे त्याला कळलंही नाही.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा झटके थांबले होते. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं होतं आणि पोरगी मलूल पडली होती. पारूबाई कोमट पाण्यात फडकं भिजवून तिचं अंग पुसत होती.

"ताप मेंदूत गेला नाही ना, बाई?" आण्णांनी विचारलं.

"नाही. लहान मुलांना जोराच्या तापात असे झटके येतात. होईल बरी. पण इतका ताप चढेपर्यंत कोणी हात कसा लावला नाही?"

पारूबाईचा हात भरून आला म्हणून यल्लाप्पानं तिच्याकडून फडकं घेतलं. पोरीच्या कपाळावर ठेवलं, उचललं.

"तापलं न्हवं फडकं? बुडवा की," पारूबाई म्हणाली.

यल्लाप्पा फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिला. ते तापलं की नाही हे त्याला कळत नव्हतं. त्यानं ते बोटांत दाबून पाहिलं, तळव्यावर पसरून पाहिलं. मग सगळ्यांदेखत गालाला लावलं. गालाला ऊब लागली. पोरीच्या अंगातली ती ऊब, दिवसभर तळव्याखालून निघून गेलेली, त्या क्षणी त्याच्या गालाला कळली आणि म्हातारा हमसून हमसून रडू लागला.

"हाताला कळत न्हाय, पारू. लई दिस झालं, कायबी कळत न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी त्याची बोटं उलटसुलट करून पाहिली. टोकांवर जुने-नवे फोड होते. एकही फोड त्याला ठाऊक नव्हता.

"तिच्या कपाळातली उष्णता तुमच्या हातात येत होती, यल्लाप्पा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ती कुठे जाणार? गरमाकडून गाराकडे येणारच. आली हा निरोप मात्र नसांनी वर पोचवला नाही. साखरेनं नसा गेल्यात. आता या हातांना जपायचं. विस्तवाजवळ तर नकोच."

"इस्तवाजवळ न्हाय तर मग कुठं जाऊ, बाई?" यल्लाप्पानं विचारलं. गोळ्या आणि पथ्य मात्र त्यानं निमूट मान हलवून घेतलं.

आण्णांनी सगळं ऐकलं होतं. जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवण्याचा त्यांचा नेम. त्या दिवशी ते दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले आणि उपाशीच घरी गेले.

दुसऱ्या सकाळी श्रुतीचा ताप उतरला होता. पारूबाई म्हणाली, "आण्णांनी ऐकलंया. पर मानसांस्नी ठावं न्हाय. आण्णा सांगायचं न्हाईत."

"म्हंजे आजून फशीवत ऱ्हाऊ?"

तो गुऱ्हाळावर गेला. पहिलं आधण तयार होत आलं होतं. माणसं वाट करून देत बाजूला झाली. बादली भरून ठेवली होती. यल्लाप्पा काहिलीपाशी गेला, पण बोटं त्यानं बुडवली नाहीत.

"माझा हात मेलाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ह्या वर्साचा गूळ म्या आंदाजानं काडलाय. काल पोरीचा जीव जायला लागला हुता, म्हून बोलतोय. दुसरा गुळव्या बघा, आण्णा."

इंजिन धडधडत होतं.

"तू हितंच वर बस की," आण्णा म्हणाले. "नुसता बस. कोन काय म्हनतंय बघतो मी."

"नुसतं बसून कवा खाल्लंय का म्या?" यल्लाप्पा म्हणाला. "खाली चिपाडं सारतो. लांब काठीनं सारीन, इस्तवाला हात लावत न्हाय."

आणि तो उतरला. बापाच्या खड्ड्यात, चुलवाणाच्या तोंडाशी. ज्या उसाचा रस वर उकळत होता त्याचीच वाळलेली चिपाडं काठीनं आत लोटू लागला. चिपाडं भडकली आणि वर रसाला उकळी फुटली. नांदणीहून तरुण गुळव्या आला. तो वरून ओरडायचा, "मामा, जाळ कमी करा!" आणि यल्लाप्पा म्हणायचा, "व्हय." पहिले काही दिवस त्यानं मान वर केली नाही. मग एकदा केली. त्या पोरानं ओली बोटं पाकात घातली, गोळी वळली आणि त्याचा चेहरा उजळला. ते यल्लाप्पानं खालून पाहिलं. आपलाही चेहरा तेव्हा असाच उजळला असणार, आणि बाप तेव्हा का बोलला नव्हता हे त्याला उमगलं.

दिवस मावळायला आला की तो घरी यायचा. श्रुती उंबऱ्यावर वाट बघत बसलेली असायची.

"आज्जा, ताप बघा की!" कपाळ पुढे करून ती म्हणायची. तिला तो खेळच वाटायचा.

"जरा थांब गं, बाय."

दिवसभर जाळासमोर बसून तोंड तापलेलं असायचं. तापलेल्या गालाला दुसऱ्याचा ताप कसा कळणार? तो रांजणातलं गार पाणी घ्यायचा, सावकाश तोंड धुवायचा, पंच्यानं टिपायचा आणि गाल निवेपर्यंत ओट्यावर गप्प बसून राहायचा. श्रुती कपाळ पुढे करून तशीच उभी असायची. मग तो वाकायचा, डोळे मिटायचा आणि आपला सुरकुतलेला गाल तिच्या कपाळाला लावायचा.

पारूबाई चुलीपुढून विचारायची, "काय हो?"

तो लगेच उत्तर द्यायचा नाही. नीट कळेपर्यंत गाल तसाच ठेवायचा.