‘ळ’ची कळ

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि स्वभावाने खुनशी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. मोडकी छत्री करते, फुटकी पाटी करते. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. एका माणसाने माझं एक अक्षर मारलं आणि मी त्याला त्याच अक्षराने धडा शिकवला, त्याची ही हकीकत आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही भावंडं पुढे जायचो आणि हातमोजे घातलेल्या बायका आमच्या अंगावर एकेक कळ टपकन बसवायच्या. कळ हा शब्द मला फार आवडतो. दाबतात ती कळ, दुखते तीही कळ आणि भांडण लावतात तीही कळच. तिन्ही माझ्या नशिबी होत्या.

संगणक दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या दुकानातून बाईंनी मला घरी आणलं. बाई कपडे शिवत नसत, दुरुस्त करत. आखूड करणं, ढिलं करणं, चेन बदलणं, उसवलेलं पुन्हा जोडणं. जिन्याखालची चिंचोळी खोली हे त्यांचं दुकान, शेजारी चपला शिवणाऱ्याचं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बाईंना तर बोलल्यावाचून राहवत नसे, आणि शिलाई मशीनशी माणूस किती बोलणार? म्हणून त्यांनी ब्लॉग काढला. नाव ठेवलं ‘उसवण’.

दुरुस्तीवाला हौशी होता. त्याने माझ्या अंगावर मराठी अक्षरं चिकटवली आणि ‘ळ’ला कोपऱ्यातली एक कळ स्वतंत्र दिली. म्हणाला, “मावशी, हा ळ पावलोपावली लागतो. दर वेळी दोन-दोन कळा कुठे दाबत बसता.”

काय दिवस होते ते! बाई उठल्या की चहा टाकायच्या आणि पातेलं उतू जायच्या बेतात असताना आधी प्रतिक्रिया बघायच्या. गिऱ्हाइकाच्या खिशात सापडलेल्या चिठ्ठ्या, तिकिटं, एकदा तर एक दुधाचा दात, यांवर त्या लिहायच्या. जुन्या बटणांचे फोटो टाकायच्या. एक लेख टाकला की दारावरची घंटी वाजायची वाट बघावी तशी पहिल्या प्रतिक्रियेची वाट बघायच्या. येणारी मंडळीही ठरलेली. ‘खिडकीतली’ नावाची कोणी होती, ती नुसतं कौतुक करायची. ‘अर्धा कप’ विषय सोडून भलतंच बोलायचा. आणि एक ‘नाकतोडा’ होता, तो चुका काढायचा. या तिघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण एखादा दिवस कोणी दिसलं नाही की बाकीचे चौकशी करायचे. माझ्या कळा तेव्हा बाईंच्या बोटांनी गुळगुळीत झाल्या होत्या. ती झीज म्हणजे माझं सुख होतं.

आता भाऊजींकडे येतो. माझे दात आताच शिवशिवायला लागले आहेत.

भाऊजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. लेखक व्हायची भारी हौस, पण चार ओळी लिहिल्या की पाचवीला घाम फुटायचा. जाऊबाईंना घेऊन अधूनमधून यायचे आणि खुर्ची ओढून बाईंच्या पडद्यात डोकवायचे. “वहिनी, हे शिंपीपुराण वाचतं तरी कोण?” असं विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत अर्धा लेख वाचून काढायचे. प्रतिक्रिया मात्र कधी वाचत नसत. रिकामटेकड्यांचा बाजार म्हणायचे.

एके दिवशी त्यांनी आपला कप माझ्यावर ठेवला. मी जणू बशीच. कप कलंडला आणि साखर घातलेला गरम चहा माझ्या कोपऱ्यात शिरला. तुम्हाला कधी चहा अंगात मुरल्याचा अनुभव नसेल, नशीबवान आहात. भाऊजींनी चमच्याचा दांडा घेतला आणि चिकटलेली कळ उचकटायला लागले. जाऊबाई म्हणाल्या, अहो, हळू. तेवढ्यात कळ काडकन मोडली आणि उडून मशीनखाली गेली. ती ‘ळ’ची कळ.

भाऊजी हसले. “एकच तर अक्षर गेलं, वहिनी. बाकीची पन्नास आहेत की.”

मी ते वाक्य जपून ठेवलं.

मांडणी बसवून देणारा दुरुस्तीवाला तोवर दुकान गुंडाळून दुसऱ्या गावी गेला होता. दुसऱ्याला ती उकलेना. नवा कीबोर्ड घ्या, म्हणाला. पण बाईंची बोटं माझ्यावर बसलेली. त्यांनी हेका धरला की एका अक्षरावाचून कोणाचं अडत नाही. आणि त्या ‘ळ’ टाळून लिहू लागल्या.

सोपं नव्हतं ते. सकाळ म्हणायची सोय नाही, म्हणून ‘उजाडल्यावर’. काहीच कळत नाही, म्हणून ‘उमगत नाही’. घड्याळाला ‘भिंतीवरचे काटे’ म्हणावं लागलं. डोळ्यांत पाणी आणता येईना, तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘नजर धुरकट झाली.’ शाळेपाशी तर त्या पुरत्या अडल्या आणि शेवटी ‘जिथं पोरं पाढे ओरडतात ती इमारत’ असं लिहून स्वतःच हसत बसल्या. पण मित्रांनो, गंमत बघा. सरळ रस्ता बंद झाला की माणूस गल्लीबोळ हिंडतो आणि गल्लीबोळांत जे दिसतं ते हमरस्त्यावर दिसत नाही. बाईंचं लिहिणं पहिल्यापेक्षा देखणं झालं. गिऱ्हाइकं वाढावीत तसे वाचक वाढले.

पहिल्यांदा ओळखलं ते नाकतोड्याने. त्याने प्रतिक्रियेत विचारलं, “बाई, तुमच्याकडे हल्ली सकाळ होत नाही का?” बाईंनी उत्तर दिलं, “माझं एक अक्षर चहात बुडून मेलं.” मग काय, खेळच सुरू झाला. खिडकीतली, अर्धा कप, सगळेच प्रतिक्रियांमध्ये ‘ळ’ टाळून लिहू लागले. चुकून कोणाचा निसटला की बाकीचे त्याला फाडून खायचे.

याच काळात बाईंनी आपल्या आईवर लिहायला घेतलं. आईही हेच काम करायची. “शिवणं कुणालाही येतं,” बाईंनी आईचे शब्द लिहिले, “उसवताना कापड दुखता कामा नये.” त्यातल्याच एका लेखाच्या शेवटी त्या अडल्या. बोट माझ्या रिकाम्या कोपऱ्यावर फिरवलं आणि लिहिलं, ‘ज्या नावाने आई मला हाक मारायची, ते नाव मला इथं लिहिता येत नाही.’

हे वाक्य लक्षात ठेवा.

पुढे एकदा भाऊजी गंभीर चेहरा करून आले. ब्लॉग ठेवणारी कंपनी बंद पडते आहे, म्हणाले. पासवर्ड द्या, सगळं उतरवून ठेवतो. बाईंनी विश्वासाने दिला आणि गिऱ्हाइकाचं माप घ्यायला उठल्या. भाऊजी माझ्यापुढे बसले. बिस्किटाच्या भुग्याने माखलेल्या बोटांनी त्यांनी आधी सगळे लेख आपल्याकडे पाठवले, मग एकेक लेख पुसला. मला प्रत्येक दाब जाणवत होता. पण मी पडलो मुका. माझ्यावर कोणी लिहिलं तरच मी बोलतो. नंतर त्यांनी बाईंना सांगितलं की उशीर झाला, काहीच हाती लागलं नाही.

बाईंनी संगणक बंद केला. त्यांनी मला मशीनच्या कडेला सरकवलं. हळूहळू माझ्यावर चिंध्या साचल्या, दोऱ्याची रिकामी रिळं आली. कळांच्या फटींत कापडाचा भुसा बसला. मी वाट बघत राहिलो. खुनशी वस्तूंना वाट बघता येते.

आणि एक दिवस घंटी वाजली. एक उंच, किडकिडीत बाई आत आल्या. हातात पँट होती, पण त्यांनी ती मापाला दिली नाही. पिशवीतून एक पुस्तक काढून मशीनवर ठेवलं आणि म्हणाल्या, “जिन्याखालचं दुकान, शेजारी चपलावाला. तुमच्या लेखांतल्या एवढ्या खुणेवर चार मोहल्ले पालथे घातले. मी नाकतोडा.”

बाईंनी चष्मा सारखा केला. “मला वाटलं पुरुष असाल.”

“आमच्या ह्यांनाही कधीकधी तसंच वाटतं.”

नाकतोडाबाईंचा जन्म औषधांच्या दुकानात डॉक्टरांची अक्षरं लावण्यात गेला होता. असल्या माणसाच्या नजरेतून अक्षर सुटत नाही. पुस्तकाचं नाव होतं ‘आईचा धागा’. वर भाऊजींचं नाव, मागे त्यांचा हनुवटीला हात लावलेला फोटो. लेख सगळे बाईंचे, आईवरचे. फक्त ‘गेले’चं ‘गेलो’ केलं होतं, ‘बसले’चं ‘बसलो’. तेवढं मात्र त्यांनी कष्टाने केलं होतं.

बाईंनी पुस्तक उघडलं, मिटलं. “शब्द नेले ते नेले,” त्या म्हणाल्या. “त्यांनी माझी आई नेली.”

दुसऱ्या दिवशी जाऊबाई आल्या. पुस्तकाचा कार्यक्रम ठरला होता. त्यांना सगळं ठाऊक होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. घरातली गोष्ट घरात राहू द्या, असं त्या परोपरीने विनवत होत्या. बाईंनी त्यांच्या कोटाचं लोंबतं बटण बोलता बोलता शिवून दिलं. त्या गेल्यावर मात्र त्यांनी माझ्यावरच्या चिंध्या झाडल्या, कुंचल्याने फटी साफ केल्या आणि मला कापडी पिशवीत घातलं.

सभागृहात मी बाईंच्या मांडीवर होतो. पाहुण्यांनी भाषण केलं. एका वाक्यापाशी आपण थांबलो, म्हणाले. ‘ज्या नावाने आई मला हाक मारायची, ते नाव मला इथं लिहिता येत नाही.’ केवढा हळवा संयम आहे हा! टाळ्या पडल्या. भाऊजींनी मान लववली.

मग प्रश्न विचारायची वेळ आली. बाई उभ्या राहिल्या.

“भाऊजी, लिहिता नाही आलं ते जाऊ दे. बोलून तरी सांगा. आई काय हाक मारायची?”

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला. समोर माणसं बसली होती, पळायला जागा नव्हती. आवाज मऊ करून ते म्हणाले, “सोन्या.”

सभागृह हळहळलं.

“सोन्या तर लिहिता येतं की,” बाई म्हणाल्या. “मग का नाही लिहिलं?”

“वहिनी, काही शब्द कागदावर उतरत नाहीत.”

“खरं आहे. ळ असलेले उतरत नाहीत.” आणि त्यांनी मला पिशवीतून काढून पाहुण्यांसमोर टेबलावर ठेवलं. दिव्याखाली माझा रिकामा कोपरा काढलेल्या दाताच्या जागेसारखा दिसत असणार. आयुष्यात मला इतकं देखणं कधीच वाटलं नव्हतं.

नाकतोडाबाई मागून म्हणाल्या, “मनोगत सोडा, ते साहेबांनी स्वतः लिहिलंय, त्यात ओळीओळीला आहे. पुढच्या सबंध पुस्तकात एक ळ दाखवा.”

पानांची सळसळ झाली. पाहुणे स्वतः पानं उलटत होते. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, अरे, खरंच नाही. दुसरीकडून हसू फुटलं आणि ते रांगारांगांतून पुढे सरकत आलं. भाऊजी म्हणाले, ही माझी शैली आहे. कोणीतरी ओरडलं, मग मनोगतात कुठे गेली होती? भाऊजी म्हणाले, यात काहीतरी गैरसमज आहे, वहिनींची तब्येत बरी नसते.

तेव्हा पहिल्या रांगेतल्या जाऊबाई उठल्या. नवऱ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “एकच तर अक्षर गेलं, असं तुम्हीच म्हणाला होतात. चहा सांडलात तेव्हा.”

मित्रांनो, त्या क्षणी भाऊजींचा चेहरा मी डोळे भरून पाहिला असता, पण मी टेबलावर उताणा पडलो होतो. मी त्यांच्या श्वासावर भागवलं. चहात बुडताना माझा तसाच झाला होता.

बाई एवढंच म्हणाल्या, “आई मला साळुंकी म्हणायची. फार बडबड करायचे म्हणून.” आणि मला उचलून घरी आल्या.

प्रकाशकांनी ते पुस्तक मागे घेतलं. नवं निघालं ते बाईंच्या नावाने. सगळे ‘गेलो’ पुन्हा ‘गेले’ झाले. ते वाक्य बाईंनी होतं तसंच ठेवलं, फक्त पुस्तकाचं नाव बदलून ‘साळुंकी’ केलं. ब्लॉगही पुन्हा उघडला आहे. खिडकीतली आली, अर्धा कप आला आणि आल्या आल्या हवामानावर बोलला. लिहायला आता नवा कीबोर्ड आहे, सगळ्या अक्षरांचा. मी मशीनशेजारी असतो, स्वच्छ फडक्याखाली.

तुम्हाला जाता जाता सांगतो. आमच्या जवळ चहा ठेवू नका. कळांच्या फटी कुंचल्याने झाडत जा. दुसऱ्याने लिहिलेलं आवडलं तर खाली दोन ओळींची प्रतिक्रिया लिहा, तेवढ्यावर माणसं जगतात. पण ते उचलू नका. प्रत्येक लिहिणाऱ्याचं कुठलं तरी एखादं अक्षर मोडलेलं असतं आणि ते नेमकं कोणतं, हे चोराला कधीच ठाऊक नसतं.

गेल्या आठवड्यात जाऊबाई आल्या होत्या. भाऊजी कोणात मिसळत नाहीत, जेवत नाहीत, तुम्ही ब्लॉगवर क्षमा केल्याची एक ओळ लिहा, म्हणाल्या. त्या गेल्यावर बाईंनी नवा कीबोर्ड बाजूला केला, माझ्यावरचं फडकं काढलं आणि बोटं माझ्या कळांवर ठेवली. एकदा रिकाम्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग घंटी वाजली, एक गिऱ्हाईक आलं आणि त्या माप घ्यायला उठल्या.

‘क्षमा’ या शब्दात ळ नाही, मित्रांनो. त्याला लागणाऱ्या सगळ्या कळा माझ्यापाशी शाबूत आहेत. तरीही तो माझ्यावर अजून उमटलेला नाही.