पाठीवरची वीण

हार मानणं दुर्गाच्या स्वभावात नव्हतं, पण एका स्वेटरच्या पाठीनं तिला रडकुंडीला आणलं होतं.

स्वेटर तिच्या थोरल्या जावेनं, आक्काबाईंनी, आपल्या लेकीसाठी विणायला घेतलेला. बाह्या झाल्या, पुढचे भाग झाले, त्यांना आतून जुन्या साडीचं अस्तरही शिवून झालं, आणि दिवाळीनंतर आक्काबाई गेल्या. पाठ तेवढी राहिली. लेकीला, रोशनीला, डेहराडूनच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. महिन्याभरात निघायचं होतं आणि जाताना आईचाच स्वेटर अंगात हवा, हा पोरीचा हट्ट.

पण पुढच्या भागांवरची ती वीण कुणाच्या बापाला उमगेल तर शपथ. वरून नुसते बारीक उंचवटे आणि तिरक्या खाचा. दुर्गानं चारदा विणली, चारदा उसवली. अस्तर काढून आतून पाहिलं असतं तर उलगडा झाला असता, पण रोशनीनं स्वेटर छातीशी धरला.

"काकू, अस्तराचे टाके आईच्या हातचे शेवटचे आहेत. ते नाही उसवायचे."

रोशनीनं फोनवर नमुने शोधले, शेकड्यांनी. मग दुर्गा आपल्या कंपनीतल्या मॅनेजरच्या बायकोकडे, मूळ पुण्याच्या अनुराधाताईंकडे गेली. त्यांच्याकडे विणकामाची कपाटभर पुस्तकं. अख्खा रविवार दोघी पानं उलटत बसल्या.

"अशी वीणच नाही गं कुठे," ताई चष्मा पुसत म्हणाल्या. "दुसरी कुठलीतरी घाल. पाठ कोण बघतंय?"

दुर्गाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठ कोण बघतंय म्हणे! आक्काबाईंनी जन्मभर दुसरं पाहिलं काय? त्यांना अक्षर ओळखीचं नव्हतं. प्रत्येक नमुना त्यांनी पहाटेच्या शिफ्टच्या बसमध्ये कुणाच्या तरी पाठीवरून उचललेला. एकदा पुढच्या माणसाचे टाके मोजण्याच्या नादात मसाटच्या थांब्यावर उतरायच्या राहिल्या आणि थेट पुढच्या गावी, राखोलीला पोचल्या. आणि आपण येडे पुस्तकं चाळत बसलो!

दुसऱ्या दिवसापासून दुर्गा आपल्या दुपारच्या ड्युटीआधी, भल्या सकाळी त्या बसमध्ये चढू लागली. जानेवारीची थंडी होती, सगळं सिल्वासा स्वेटरात. ती एकेक पाठ न्याहाळायची. बायका हसल्या, एक बाप्या तर लाजून पाठीवर मफलर सोडून बसला. चौथ्या दिवशी मसाटच्या थांब्यावर उतरताना तिच्या पुढ्यात एक तपकिरी स्वेटर आला. बारीक उंचवटे, तिरक्या खाचा. तीच ती!

"भाऊ, जरा थांबा ना," तिनं त्याची बाही धरली. माणूस सुताच्या कारखान्यात मशीन चालवणारा, अनंत नावाचा. तिचं लक्ष त्याच्या खांद्याकडे गेलं. शिवण बाहेर दिसत होती. "स्वेटर उलटा घातलाय तुम्ही."

"मुद्दाम घालतो, बेन. मशीनच्या तेलानं चांगली बाजू खराब होते. घरी गेलो की सुलटा."

"आत्ताच करा सुलटा. पाया पडते."

भर रस्त्यात, पन्नास माणसांदेखत, बिचाऱ्यानं स्वेटर काढला आणि उलटवला. दुर्गानं पाहिलं आणि ती मोठ्यानं हसत सुटली. आतल्या बाजूला चांगली ठसठशीत वेणी होती, सहा टाक्यांची, कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असते तशी. आक्काबाईंना बसमध्ये याच पाठीवर दिसलेली मागली बाजू आवडली होती आणि तिलाच त्यांनी दर्शनी करून टाकलं होतं. जगानं पालथी ठरवलेली बाजू त्यांनी बिनदिक्कत सुलटी ठरवली. दुर्गाला जावेचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मग काय, वेणी घालायची आणि पालथी करायची. दुर्गाच्या सुया थांबल्याच नाहीत. नवव्या दिवशी पाठ पुरी झाली. अनुराधाताई स्वतः बघायला आल्या, बराच वेळ स्वेटर उलटसुलट करत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला शिकवशील?"

"शिकवीन की. पण पुस्तक घरी ठेवून या," दुर्गा म्हणाली.

निघायच्या दिवशी रोशनीनं स्वेटर चढवला. कुशीवरच्या शिवणीवरून तिनं बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"काकू, आईचं कुठे संपलं आणि तुझं कुठे सुरू झालं, कळतच नाही."

दुर्गाची मान ताठ झाली. "कळायला नकोच होतं," ती म्हणाली.