घंटेचे दोन टोल

मित्रांनो, टीव्हीखालच्या फळीवर डाव्या हाताला एक काळा डबा दिसतोय ना, कोपऱ्याचा टवका उडालेला, तो मी. गेमिंग कन्सोल हे माझं कागदोपत्री नाव. घरात मला सगळे नुसतं 'डबा' म्हणतात. सुरुवातीला फार राग यायचा. एवढं गुळगुळीत अंग, आत पंखा, पुढे निळा दिवा, आणि नाव काय तर डबा! आता मात्र त्याच नावाचा अभिमान वाटतो, कारण मोडीत निघता निघता मान वर करून परत फळीवर बसलेला डबा मी आहे. ते कसं घडलं, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका कामगार बाईने माझ्या पोटातला शेवटचा स्क्रू पिळला, मला चालू करून पाहिलं, निळा दिवा लागताच "चल, पास!" म्हणाली आणि खोक्यात घातलं. आयुष्यातली पहिली शाबासकी ती. परीक्षेत पास झाल्यावर तुम्हाला काय वाटतं ते मला तेव्हापासून ठाऊक आहे.

या घरात मला आणलं यजमानांनी, पण मिळवलं त्यांच्या बायकोने. यजमान गाद्यांच्या दुकानात विक्रेते आहेत. दिवसभर गाद्यांत वावरून त्यांना कुठेही झोप लागते. पहिल्याच दिवशी खेळता खेळता ते गेमपॅड छातीवर ठेवून घोरायला लागले. बायकोने तो अलगद काढून घेतला आणि म्हणाली, "बघू तरी काय आहे हे थेर." झालं! त्या दिवसापासून आजपर्यंत तो तिच्याच हातात आहे. ती दातांच्या कवळ्या बनवते. तिचा हात कसा, तर दगडासारखा स्थिर. दीर आणि नणंद तिला वहिनी म्हणतात, म्हणून खेळातलं तिचं नावही 'वहिनी'च पडलं.

माझ्यावर खेळ शेकड्यांनी चालतात, पण या घरात चालला तो एकच, आगीच्या बंबाचा. चौघांनी मिळून बंब न्यायचा आणि आग विझवायची. एक जरी कमी असला तर बंब हलतच नाही. बंब चालवायचे भाऊजी, म्हणजे वहिनीचे धाकटे दीर. ते दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि लिफ्ट दुरुस्त करतात. नकाशा पाहून हुकूम सोडायच्या वन्सं, म्हणजे वहिनीच्या नणंदबाई. त्या दुसऱ्या गावात पोहायला शिकवतात, त्यामुळे आवाज असा की माझे स्पीकर थरथरायचे. पाण्याची नळी वहिनीकडे. आणि शिडी होती बुलबुलकडे.

आता ही बुलबुल कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नेटवर्कवर एके दिवशी चौथा गडी हवा होता, ती आली, आणि कायमची आमची झाली. आवाज बारीक, बोलणं मोजकं. पण शिडी लावावी तर तिनेच! वारा असो, धूर असो, शिडी बरोबर खिडकीच्या कठड्याला टेकायची. बंब निघायच्या आधी ती खेळातल्या अग्निशमन केंद्राच्या अंगणातल्या पितळी घंटेपाशी जायची आणि दोन टोल द्यायची. "एक माझा, एक तुमचा," असं म्हणायची. ते दोन टोल झाल्याशिवाय भाऊजी बंब सुरू करत नसत.

एवढी वर्षं एकत्र खेळली ही मंडळी. एकमेकांच्या सर्दी-पडशाची खबर ठेवायची. पण नाव, गाव, फोन नंबर? छे! कुणी विचारलंच नाही. रोज संध्याकाळी भेट होतेच आहे, मग कशाला विचारायचं? खेळणाऱ्यांची ही खोड तुम्हालाही असेल, मित्रांनो. जवळच्या माणसाची आपण सगळ्यात कमी चौकशी करतो.

आणि मग चोरी झाली. माझ्या घरात नव्हे, माझ्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये. खेळणाऱ्यांची नावं, पत्ते, पासवर्ड, कोण कुणाबरोबर खेळतं त्याच्या याद्या, सगळं चोरांनी पळवलं. एका संध्याकाळी वहिनीने मला चालू केलं तर पडद्यावर नुसतं 'सेवा बंद आहे'. का बंद आहे, ते सांगायला कुणी तयार नाही. माझी कंपनी मिठाची गुळणी धरून बसली. लोकांना खरं काय ते बातम्यांतून कळलं, तेव्हा कुठे कंपनीने तोंड उघडलं. मित्रांनो, मला इतकी लाज वाटली की विचारू नका. माझ्या कपाळावर त्या कंपनीचंच चिन्ह आहे हो!

मग लोक चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. जो तो माझ्या कंपनीला रामराम ठोकून दुसऱ्या कंपनीचा पांढरा कन्सोल घेऊ लागला. काल जे माझ्यासाठी भांडत होते, ते आज माझ्या नावाने बोटं मोडू लागले. कंपनीने माफी मागितली, फुकट खेळ वाटले, सगळ्यांना नवे पासवर्ड घ्यायला लावून नेटवर्क पुन्हा सुरू केलं. पण थेंबाने गेली ती हौदाने येते का?

भाऊजींनी जुना देऊन पांढरा आणला. वन्संनीही घेतला. भाऊजी वहिनीला म्हणाले, "वहिनी, ज्या घराला कडी नाही तिथे राहायचं कशाला? या डब्याला द्या निरोप."

"आणि बुलबुल?" वहिनी म्हणाली. "तिला कसं कळणार आपण कुठे गेलो ते? ती आपल्याला शोधणार कुठे?"

मित्रांनो, तेव्हा मला माझी खरी किंमत कळली. बुलबुलला भेटायची जगात एकच जागा होती, ती माझ्यात होती. मी गेलो की ती गेली.

पण नेटवर्क सुरू होऊनही बुलबुलच्या नावापुढचा ठिपका करडाच राहिला. वहिनी रोज कामावरून आली की पर्स खांद्यावर असतानाच मला चालू करायची, ठिपका बघायची, आणि "नाही आली," म्हणून बंद करायची. मी हिरवा ठिपका कुठून आणू? मला भारी वाईट वाटायचं.

भाऊजींनी एकदा मार्ग काढला. "चोरलेली यादी इंटरनेटवर फिरतेय. त्यात बुलबुलचं खरं नाव-पत्ता असणारच. काढू का शोधून?"

वहिनी अशी उसळली! "भाऊजी, आपली माहिती चोरली म्हणून आपणच बोंब मारतोय ना? आणि आता त्याच चोराच्या पोतडीत हात घालायचा? तिने स्वतः सांगितलं नाही ते मला चोराकडून नको."

भाऊजींनी जीभ चावली. मी मात्र फळीवर बसल्या बसल्या मनात म्हटलं, वा वहिनी! मालकीण असावी तर अशी.

पुढे एक ईमेल आली. 'मी बुलबुल. माझं खातं गेलं. तुझा पासवर्ड पाठव.' वहिनी हसली. "बुलबुल मला कधी अगं-तुगं करत नाही. आणि पासवर्ड मागायला ती काय खुळी आहे?" ती ईमेल तिने पुसून टाकली. पण त्या दिवसापासून ती दुधाने तोंड पोळल्यासारखी ताकही फुंकू लागली. केंद्राच्या अंगणाचं फाटक तिने अनोळखी लोकांना बंद केलं. तेवढ्यात 'पाहुणा' आणि पुढे आकडे अशा नावाच्या कुणीतरी मैत्रीची विनंती पाठवली. नकार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच विनंती. नकार! तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "काय चिवट चोर आहे मेला!" आणि पुन्हा नकार. त्या विनंत्या माझ्याच पोटातून जात होत्या, पण मीही त्या पाहुण्याला चोरच समजलो.

शेवटी वहिनी थकली. भाऊजी रविवारी दुपारी दुकानातून रिकामं खोकं घेऊन आले. संध्याकाळी दुकानाचा माणूस येऊन मला नेणार आणि पांढरा ठेवून जाणार, असं ठरलं. खोकं उघडून माझ्यासमोरच ठेवलं होतं. काय वाटलं असेल मला, सांगा!

वहिनीने शेवटचं म्हणून मला चालू केलं. करडा ठिपका. ती खेळाच्या अंगणात एकटीच घंटेपाशी उभी राहिली. सोफ्यावर पेंगणाऱ्या यजमानांनी एक डोळा उघडला.

"अगं, फाटक कशाला लावलंयस? उघड की ते."

"अहो, कुणीही घुसेल!"

"घुसू दे. तो काय टीव्हीतून बाहेर येऊन माझी उशी पळवणार आहे? पासवर्ड सांगू नकोस म्हणजे झालं. दार लावून बसलीस तर येणारा येणार कुठून?" एवढं बोलून ते पुन्हा झोपले.

वहिनीने क्षणभर विचार केला आणि फाटक उघडलं.

पहिल्यांदा दोन टवाळ पोरं आली, अंगणातल्या हौदात उड्या मारून गेली. मग आला तोच, आकड्यांचा पाहुणा. "आला बघ मेला!" म्हणत वहिनीने त्याला हाकलायला बटणावर बोट ठेवलं. पाहुणा तिच्याकडे आला नाही, बंबाकडे गेला नाही. सरळ पितळी घंटेपाशी गेला.

टण्ण!

आणि पुन्हा, टण्ण!

वहिनीने, मित्रांनो, हाकलायच्या बटणावरचं बोट झटकन उचललं. भाऊजींच्या हातातली चिकटपट्टी गळून पडली. वहिनीने माइक ओठांशी धरला. "बुलबुल?"

"अहो वहिनी, नकार तरी किती वेळा द्यायचा माणसाने?" तोच बारीक आवाज! "नव्या पासवर्डची ईमेल माझ्या जुन्या पत्त्यावर जाते, आणि त्याचा पासवर्ड मी केव्हाच विसरले. नवं खातं काढलं तर बुलबुल नाव मिळेना. कसं मिळेल, माझं मीच अडवून बसलेय ना! विनंतीबरोबर दोन शब्द लिहीन म्हटलं, तर अनोळखीला तेही बंद. रोज येऊन तुमच्या फाटकाबाहेर उभी राहत होते हो."

"अगं बाई गं!" वहिनी हसत होती आणि रडतही होती. "मी तुला चोर म्हटलं गं!"

"चिवट चोर," भाऊजींनी आठवण करून दिली.

मग काय विचारता! भाऊजींनी वन्संना फोन लावला. "ताई, तुझा जुना डबा कुठेय? कपाटात? काढ, काढ, आत्ताच्या आत्ता जोड! बुलबुल आलीय!" स्वतः ते माझा दुसरा गेमपॅड घेऊन वहिनीशेजारी फतकल मारून बसले. वन्संचा आवाज आला तसे माझे स्पीकर पूर्वीसारखे थरथरले, आणि यजमान दचकून उठले.

"कुठली आग घ्यायची?" बुलबुलने विचारलं.

"जी आजवर विझली नाही ती," वहिनी म्हणाली. "सातमजली गिरणी."

त्या गिरणीने आम्हाला दर वेळी हरवलं होतं. सातव्या मजल्यावर एक पहारेकरी अडकलेला असतो, आणि आम्ही पोहोचेपर्यंत छत कोसळतं. त्या दिवशी भाऊजींनी बंब असा पळवला की वळणावर त्यांच्याबरोबर मीही कलतोय असं वाटलं. वन्सं गरजत होत्या, "डावीकडे! अरे तुझं दुसरं डावं!" वहिनीची धार खिडकीवरून तसूभरही हलली नाही. आणि धुरातून शिडी वर गेली, हळूहळू, न डगमगता, आणि बरोबर कठड्याला टेकली. पहारेकरी खाली उतरला आणि त्याच्यामागे छत कोसळलं. जिंकलो! वहिनीने भाऊजींच्या पाठीत असा धपाटा घातला की ते खोक्यातच जाऊन बसले. यजमान टाळ्या वाजवत होते. माझा पंखा घोंघावत होता, अंग तापलं होतं, आणि मित्रांनो, मी इतका खूश आयुष्यात कधी झालो नव्हतो.

दुकानाचा माणूस आला, तेव्हा त्याला वहिनीने चहा दिला आणि रिकामं खोकं परत दिलं. "डबा घरातच राहणार," ती म्हणाली.

खोटी फुशारकी मारत नाही. पुढे वहिनीनेही पांढरा घेतला, बुलबुलनेही, आणि रोजचा खेळ आता त्याच्या नेटवर्कवर चालतो. तो माझ्याशेजारीच बसतो. पोरगा बरा आहे. कंपनीने विश्वास मोडला, मग लोकांनी कंपनी सोडली, यात माझी तक्रार नाही. लोकांनी चिन्हावर जीव टाकावाच का? त्यांनी एकमेकांना सोडलं नाही, तेवढं मला पुरे आहे.

आणि एकदा सुट्टीच्या सकाळी या घराच्या दाराची घंटा वाजली. एकदा, आणि पुन्हा एकदा. कुणी "कोण आहे?" असं विचारलंच नाही. वहिनी, भाऊजी आणि मुद्दाम आलेल्या वन्सं तिघंही दाराकडे धावले. दारात एक उंच, उन्हाने रापलेली बाई उभी होती. ती क्रेन चालवते. गावोगावच्या उंच इमारतींवर, दिवसभर वरच्या काचेच्या केबिनमध्ये एकटीच. म्हणून तर शिडी अशी लागायची! तिने आपलं खरं नाव सांगितलं, पण दुसरा चहा होईपर्यंत सगळे विसरले. फोनमध्ये नंबर मात्र चौघांनी नीट लिहून घेतले.

त्या दिवशी पांढऱ्याला विश्रांती होती. नेटवर्क नको, पासवर्ड नको, एकाच खोलीत चार गेमपॅड आणि मी.

तेव्हा मित्रांनो, पासवर्ड जपा, तो कुणालाही देऊ नका, आणि एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरू नका. पण ज्याच्याबरोबर रोज खेळता, त्या मित्राला आजच्या आज त्याच्या घरचा नंबर विचारा, आईबाबांना सांगून. आणि फळीवरच्या जुन्या डब्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. बुलबुल पुन्हा येणार आहे, आणि ती आली की वहिनी आधी मलाच पुसते.