दोष डोळ्यांचा नव्हता

मी एक जुना लॅपटॉप बोलतोय. बोलतोय म्हणजे कबुली देतोय म्हणा. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात शैलजाबाईंच्या जेवणाच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. त्यांच्या मुलाने, आलोकने, पहिल्या नोकरीत मला घेतलं आणि बंगळुरूला जाताना आईजवळ ठेवून गेला.

दर रविवारी बाई माझ्यासमोर बसून व्हिडिओ कॉलवर नातीला, आलोकच्या अंतराला, मराठी वाचायला शिकवत. तिकडून ती एकेक अक्षर लावायची, इकडे आजीचे ओठ हलायचे.

मग माझ्या पडद्यामागचा दिवा मंदावू लागला. एकदम विझलो असतो, तर सगळ्यांनी मलाच दोषी धरलं असतं. मी रोज थोडा थोडा काळवंडत गेलो, आणि बाईंना वाटलं, आपलेच डोळे चालले.

"आलोक, मला अक्षरं दिसून नाही राहिली रे," त्या फोनवर म्हणाल्या.

"चष्मा बदल, आई."

चष्मा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानाने नजर छान आहे. तरी आलोक म्हणाला, "मग दुसऱ्या डॉक्टरला दाखव ना. काहून टाळून राहिलीस?"

त्यानंतर बाईंनी तक्रार केली नाही. शिकवणीच बंद केली. कोणी विचारलं, तर "अंतराला अभ्यास असतो" म्हणायच्या. सात महिने मी मिटलेला पडून होतो.

दिवाळीला आलोक आला. त्याने मला उघडलं, डोळे बारीक केले, खिडकी लावून पाहिलं, आणि मला पिशवीत घातलं.

मदन महलच्या दुकानात कारागिराने माझ्यावर टॉर्च धरला. अक्षरं पुसट दिसली. "तसवीर पूरी है भैया, पीछे की बत्ती मर गई है." त्याने काडीएवढी काचेची नळी बदलली आणि मी उजळलो.

घरी बाईंनी बदलण्याआधीच्या जुन्याच चष्म्यातून घडाघडा वाचलं.

"तुझे डोळे ठीक होते, आई. मी न पाहताच बोललो."

"अरे, मलाही तसंच वाटलं ना," म्हणत त्यांनी पदराने माझी धूळ पुसली. त्या रागावल्या असत्या, तर आम्हा दोघांनाही बरं वाटलं असतं.

रविवार पुन्हा सुरू झालेत. अंतरा निम्मी अक्षरं विसरली आहे. "आजी, समझ में आता है, बोलना नहीं आता," म्हणते. बाई पुन्हा 'अ'पासून सांगतात.

तुमच्या घरी कोणी 'मला दिसत नाही' म्हणालं, तर एकदा त्यांच्या खुर्चीत बसून बघा. मला सांगता आलं नाही. तुम्हाला बघता तर येतं.