मोहरीएवढा श्वास

मित्रांनो, मी एक जुनी औषधाची बाटली आहे, आणि मला राग आला आहे. तो लपवून गोड गोष्ट सांगणे मला जमणार नाही.

आर्णीजवळच्या एका शाळेत विमलताई विज्ञान शिकवत. त्यांनी मला उकळत्या पाण्यात धुतले, बुचाला भोक पाडून काचेची बारीक नळी बसवली आणि नळीत लाल शाईचा एक थेंब सोडला. दिवाळीनंतर ताई शेताच्या बांधावरची माती उकरून नाकतोड्याची अंडी आणत आणि फडक्याच्या झोळीत घालून माझ्या पोटात टांगत. तळाशी पानाचा ओला चुना असे. अंड्यांनी सोडलेला वायू चुना शोषून घेई, त्यांनी घेतलेल्या प्राणवायूची जागा रिकामी होई आणि थेंब आत सरके.

नववीतल्या अंजूने पहिल्या दिवशी नाक मुरडले. "मॅडम, हे तं आमच्या सोयाबीनचे दुश्मन! कायले जपून राह्यल्या?"

"दुश्मनाचाही श्वास मोजता आला पाहिजे, बाई. मोज."

पावसाळ्यात फुटणारी ही अंडी हिवाळाभर झोपतात. वाढ थांबते, श्वास अगदी मंद होतो. थेंब तासाला मोहरीएवढा सरके. पण सरके. तो पट्टीने मोजून अंजूच ओरडली, "मॅडम, जित्ती हायेत!" त्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझ्याभोवती गर्दी मावेना.

पुढे विमलताईंचे हृदय थकले. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. त्यांनी एकच गोष्ट मागितली, प्रयोगशाळेसाठी खालची एक खोली. मुख्याध्यापक रामराव म्हणाले, "तुमचं काय मॅडम, तुम्ही हळूहळू चढता की!" सगळे हसले. त्याही हसल्या. मला त्या हसण्याचाही राग येतो.

फेब्रुवारीत त्या गेल्या. तेराव्यानंतर त्यांची मुलगी वैष्णवी शाळेत आली.

"सर, ही आईची शेवटची अंडी. घरी नेऊ का?"

नवे शिक्षक संजय सर कपाट आवरत होते. "परीक्षा होऊ द्या ताई, मग न्या. झोपून तं आहेत, त्यांले काय लागते?"

"हवा लागते. दर सोमवारी बूच उघडाल?"

"हो, हो."

ती गेली. नळी आडवी येत होती म्हणून कपाट लागेना. सरांनी नळी उपटली, भोकात मेण भरले आणि कुलूप लावले.

थेंब गेला, तरी मला कळत होते. उन्हे तापली तशी अंडी आतून जागी होऊ लागली. आता त्यांना जास्त प्राणवायू हवा होता, आणि माझ्यात होता तो संपत होता. सोमवार येत होते, जात होते. बूच कोणी उघडले नाही.

एप्रिलच्या शेवटी वैष्णवीने ते काढले. अंडी काळी पडून चपटी झाली होती.

"उन्हानं गेली असतील," सर म्हणाले.

तिने नखाने मेण खरवडून त्यांच्यापुढे धरले. "उन्हानं नाही, सर."

रामराव लगबगीने आले. "मॅडमच्या नावानं कार्यक्रम घेऊ. बाटली स्टेजवर ठेवू."

"स्टेज नको. प्रयोगशाळा खाली आणा." तिचा आवाज चढला नाही. "आईनं एवढंच मागितलं होतं."

"पाहू," रामराव म्हणाले.

मित्रांनो, कमी लागते म्हणजे काहीच लागत नाही, असे कधी समजू नका. जो थोडेच मागतो, त्याला ते त्याच दिवशी द्या. 'पाहू' म्हणू नका. तेवढ्यात हवा संपते.