झडप बसल्याचा आवाज

"मामा, परत वाहतेय."

शेठ खालून ओरडले, तेव्हा गच्चीवरच्या टाकीचं पाणी नुकत्याच पुसून चकाकवलेल्या गाडीवर पडत होतं. गाडीवाला पावती हातात धरून बघत होता. दुसरी आंघोळ फुकट मिळाल्याचा आनंद काही त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हता.

टाकीची दुरुस्ती बघणारे मामा पाणी बंद करून खाली उतरले. "वायसर खराब निघाला."

"मागच्या वेळी चेंडू खराब होता. त्याच्या आधी दांडा. मामा, सगळं नवं झालं, आता तुम्हीच जुने उरलात." शेठ जरा थांबले. "पुन्हा वाहिली तर दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

असं सांगितल्यावर दुसरं काय वाटून घ्यायचं असतं, ते मामांना सुचलं नाही.

गाड्या धुण्याच्या या सेंटरात टाकी दिवसभर भरायची आणि उपसायची. पाणी वर आलं की चेंडू उचलला जातो, दांडा झडप दाबतो, पाणी थांबतं. घरी प्लास्टिकची झडप चालून जाते. इथे तिला उसंतच नाही, म्हणून मामांनी पितळेची निवडली होती. वाळूचा कण अडकला तरी झडप नीट बसत नाही, बारीक 'स्स्स' चालू राहतं. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि आवाज थांबला की झाकण लावायचे. हल्ली तो फार लवकर थांबायचा. आपला हात बसला, असं त्यांना वाटायचं.

बायको हल्ली भांडत नाही, हेही ते संसार मुरल्याचं लक्षण समजत.

संध्याकाळी ती मोठ्यानं म्हणाली, "अहो, मोरीतला नळ बंद करा."

"केलाय."

"मग मघापासून वाजतंय काय?"

मामांनी जाऊन पाहिलं. दोऱ्याएवढी धार बादलीत पडत होती. त्यांनी कान जवळ नेला. नळ बंद केला, पुन्हा सोडला. कानाला काही फरक जाणवला नाही.

बायको दारात उभी होती. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मी एकटीच भांडतेय, ते."

मामा पाटावर बसले. "शेठना कळलं तर संपलं."

ती काहीतरी पुटपुटली. काय म्हणाली, ते विचारावंसं त्यांना बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन सेंटरवर आली. गुडघ्यांमुळे शिडी चढणं शक्यच नव्हतं. टाकीचा पाइप जिथे भिंतीवरून खाली येतो, तिथे कान लावून ती उभी राहिली.

"मामी, इथे कुठे?" शेठनी विचारलं.

"डबा आणलाय. टेकलेय जरा."

मामांनी वरून वाकून पाहिलं. तिचा पंजा उघडा होता, म्हणजे अजून वाजत होतं. त्यांनी झडप सोडली, पुसली, बसवली. पंजा उघडाच. पुन्हा सोडली. वायसरखालून वाळूचा कण निघाला. झडप बसवून त्यांनी चेंडू उचलून धरला.

तिने पाइपला कान आणखी दाबला आणि डोळे मिटले, अगदी ते मिटायचे तसे.

मग हळूच मूठ मिटली.

मामांनी झाकण लावलं. उतरायचं सोडून ते कितीतरी वेळ शिडीपाशी उभे राहिले, तिच्या मुठीकडे बघत.