सायलोवरची ब्रायडी

माझी धाकटी बहीण लिओनी बॅले नाचणाऱ्या मुलींची चित्रं काढते. मुलगी एकच, तिची लेक ब्रायडी. फितीचा रंग मात्र गिऱ्हाइकाच्या सोफ्याला शोभेल तसा. डोळे नेहमी मिटलेले, कारण मिटलेले डोळे लवकर खपतात. दाताच्या दवाखान्यात जा, बेकरीत जा, पबमध्ये जा, भिंतीवर ब्रायडी टाचा उचलून उभीच.

खऱ्या ब्रायडीला बॅले सोडून वर्ष झालं होतं. ती आमच्याकडचा, चेंडू हातानेही झेलायचा फुटबॉल मुलींच्या संघातून खेळते आणि गुडघे फोडून घरी येते. आईसाठी मात्र झालरीचा झगा चढवून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभी राहायची. झगा पाठीवर पिना लावून कसाबसा टिकायचा. गुडघ्यांच्या खपल्या लिओनी चित्रातून गाळायची.

पोरगी निमूट सोसत होती. पण शेजारच्या गावाने गव्हाच्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या उंच गोल कोठारावर, भलाथोरला घोडा रंगवला, तो बघायला पर्यटक आले, आणि आमच्या गावच्या कमिटीच्या पोटात दुखू लागलं. अध्यक्ष ट्रेव्हर हॅचर्डने ठराव करून घेतला, की आपल्या सायलोवर लिओनीची नर्तकी.

"मावशी, तो सायलो आमच्या मैदानाच्या डोक्यावर आहे गं!" ब्रायडी रडकुंडीला आली होती. "समोरच्या संघातल्या पोरी जन्मभर चिडवतील. तू तरी सांग ना आईला."

मी सांगितलं.

"नोलाताई, खेळाचं खूळ चार दिवसांचं," लिओनी म्हणाली. "कला राहते."

"एक तरी मॅच बघितलीस का तिची?"

"शनिवारीच तर उजेड छान असतो!"

तुझ्याइतकी आंधळी चित्रकार मी पाहिली नाही, असं मी तोंडावर म्हटलं. ती रंग कालवत राहिली.

पुढच्या शनिवारी ती क्रेनच्या पाळण्यात, सायलोवरच्या चेहऱ्यासमोर लोंबकळत होती. खाली मैदानाभोवती नेहमीसारख्या गाड्या लागलेल्या. आपला गोल झाला की आम्ही सगळे हॉर्न बडवतो. त्या दिवशी असा काही गदारोळ झाला की तिचा ब्रश घसरला. शिव्या द्यायला ती वळली, तर खाली एक पोरगी दुसरीच्या खांद्यावरून उंच उडाली आणि तिने हवेतच दोन्ही हातांत चेंडू धरला. तसली उडी लिओनीला एकाही चित्रात जमली नव्हती.

"ताई, पोरगी कुणाची ते मला कळायला वेळ लागला गं," सांगताना ती हमसून हमसून रडली.

चित्र पुरं झालं. झगा तोच, पण डोळे टक्क उघडे आणि गुडघ्यांवर जेवणाच्या टेबलाएवढ्या खपल्या. कमिटी खवळली. पर्यटक खपल्यांसोबत फोटो काढू लागले, तेव्हा ट्रेव्हर सांगत सुटला की कल्पना मुळात त्याचीच.

मग एका शनिवारी लिओनी ब्रश न घेता मॅचला आली. गाडी माझ्या गाडीला खेटून लावली. गोल झाला, आणि तिने अगदी मनापासून, लांबलचक हॉर्न वाजवला.

गोल समोरच्या संघाचा होता.

सगळ्यांच्या माना वळल्या. ब्रायडीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. समोरची एक पोर खिदळत म्हणाली, "कोण गं ही येडी?"

"माझी आई आहे ती!" ब्रायडी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली. "मॅच बघायला आलीये!"